बंद दाराआड दोघी

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २००६ साली ‘ग्रे गार्डन्स’ नावाचे संगीत नाटक आले. एक मोठे घर आणि त्यात राहणाऱ्या आई व मुलगी, एवढीच त्याची गोष्ट. पहिला अंक १९४१ सालातला. घरात मेजवानीची गडबड, पियानोचे सूर, मुलीचा साखरपुडा जाहीर व्हायचा आहे. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा साल असते १९७३. घर तेच, दोघीही त्याच. पण घराची रया गेली आहे, खोल्याखोल्यांत मांजरे आणि कचरा आहे आणि दोघींनी बाहेरच्या जगाशी व्यवहार जवळजवळ तोडला आहे. पहिल्या अंकात आईचे काम करणारी अभिनेत्रीच दुसऱ्या अंकात उतारवयाला लागलेली मुलगी होऊन येते. या दुहेरी भूमिकेसाठी क्रिस्टीन एबरसोल यांना २००७चा टोनी पुरस्कार मिळाला.

साखरपुड्याचा प्रसंग नाटकासाठी रचलेला आहे, बाकी बरेचसे खरे. एडिथ बूव्हिए बील या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पत्नी जॅकलिन यांच्या सख्ख्या आत्या. गाण्याचे वेड असलेली, बड्या घरातली बाई. लग्न मोडले, पैसा आटत गेला. मुलीचे नावही एडिथच, सगळे तिला एडी म्हणत. ती १९५२मध्ये न्यूयॉर्क शहर सोडून आईजवळ राहायला आली आणि पुढची पंचवीस वर्षे तिथेच राहिली. १९७१मध्ये आरोग्य खात्याचे निरीक्षक घरात शिरले. घर राहण्यायोग्य नाही, ते सोडावे लागेल, असे दोघींना बजावण्यात आले. केनेडींचे नाव जोडलेले असल्याने वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. मग जॅकलिन आणि त्यांच्या बहिणीने खर्च केला, कचरा उपसला गेला, दुरुस्त्या झाल्या. त्यानंतर मेझल्स बंधूंनी त्या घरात चित्रीकरण केले आणि १९७५मध्ये माहितीपट आला. त्यात मुलगी माळ्यावर शिरलेल्या रॅकून नावाच्या जंगली प्राण्यांना पाव घालताना दिसते. घर साफ झाले होते, पण दोघींचे जगणे होते तिथेच राहिले होते.

मराठी रंगभूमीला ढासळते घर नवीन नाही. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना घराणे कसे खचते हे वेगळे सांगायला नको. पण त्या वाड्यात माणसे पुष्कळ आहेत, ती भांडतात, कुणी मुंबईहून येते, कुणी घर सोडून जाते. ‘ग्रे गार्डन्स’मध्ये फक्त दोघी उरतात. वैद्यकाच्या दृष्टीने धोका इथेच आहे.

विरारमध्ये बसून हे सगळे फार लांबचे वाटेल, पण कोविडच्या साथीत विरार पश्चिमेच्या एका इमारतीत निवृत्त सरकारी कर्मचारी असलेले वृद्ध गृहस्थ वारले. घरात पत्नी आणि मुली होत्या. त्यांनी कुणालाही कळवले नाही आणि मृतदेह काही दिवस घरातच राहिला. कोविडच्या नावाने चौकशी होईल, विलगीकरणात नेतील, ही धास्ती त्यामागे होती, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. त्याच दिवसांत एका मुलीने जीवन संपवले. दुसरीला लोकांनी वेळेत वाचवले, आणि तेव्हा कुठे त्या घरात काय घडले आहे हे बाहेर कळले.

लांबून पाहून त्या घरावर एखाद्या आजाराचे नाव चिकटवणे योग्य नाही. तपासल्याशिवाय निदान करायचे नसते, बातमी वाचून तर नाहीच. पण घरात मृत्यू झाला, रडण्याचा आवाज बाहेर आला नाही आणि बाहेरच्या कुणाला काही विचारावेसे वाटले नाही, यात आश्चर्य न वाटण्याइतके दार आधीच बंद झालेले असणार, एवढे म्हणता येईल.

मुंबईत याच्या कहाण्या अधूनमधून येतात. परवीन बाबी यांच्या जुहूच्या दाराशी तीन दिवस दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रे पडून राहिली, म्हणून जानेवारी २००५मध्ये सोसायटीने पोलिसांना कळवले. त्या दोन दिवसांपूर्वीच वारल्या होत्या. ओशिवऱ्याच्या उंच इमारतीत २०१७च्या ऑगस्टमध्ये परदेशातून आलेल्या मुलाला आईचा सांगाडा सापडला. त्यांचे शेवटचे बोलणे वर्षाहून अधिक काळापूर्वी झालेले होते. या घरांत पैशाची अडचण नव्हती. उलट पैसा असला की दार बंद ठेवणे सोपे जाते, कारण कुणाकडे काही मागायला जावे लागत नाही.

ज्या वर्षी तो माहितीपट आला, त्याच १९७५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात तीन डॉक्टरांचा लेख छापून आला: क्लार्क, माणकीकर आणि ग्रे. (मधले आडनाव वाचून मराठी वाचकाचे डोळे क्षणभर थांबतीलच.) त्यांनी इंग्लंडमधील रुग्णालयात दाखल झालेल्या ३० वृद्धांचा अभ्यास केला. सगळ्यांची घरे घाण, अंगावरचे कपडे मळकट, आणि त्याची लाज कुणालाच नव्हती. दोघे सोडून सगळे एकटे राहणारे. समाजकल्याण खात्याला ही सगळी माणसे आधीपासून माहीत होती, आणि त्यांतल्या एक तृतीयांश लोकांनी देऊ केलेली मदत वारंवार नाकारली होती. गरिबी हे कारण नव्हते. अनेकांनी नोकरी-धंद्यात चांगले यश पाहिलेले होते. निम्म्या लोकांत कोणताही मानसिक आजार आढळला नाही, आणि त्यांची बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा वरचढ होती.

या अवस्थेला त्यांनी ‘डायोजेनीस सिंड्रोम’ म्हटले. नाव खरे तर चुकलेच. रांजणात राहणारा तो ग्रीक तत्त्वज्ञ गरजा कमी करून भर बाजारात लोकांशी वाद घालत बसायचा. त्याने ना काही साठवले, ना दार लावले. पण नाव रुळले ते रुळलेच.

या लेखातला खरा धक्का पुढे आहे. रुग्णालयात पोचेपर्यंत या माणसांची शरीरे पोखरून निघालेली होती. लोह, फॉलिक आम्ल, ब-१२, क आणि ड जीवनसत्त्व, प्रथिने, पोटॅशियम, इतकेच काय साधे पाणी, सगळ्यांचीच कमतरता. बहुतेक जण पडल्यामुळे किंवा कोसळल्यामुळे आणले गेलेले. त्यांतले ४६ टक्के दगावले, बायका अधिक. आणि जे जगले त्यांतले बहुतेक चांगले सुधारून घरी गेले. म्हणजे मदत नाकारणाऱ्या, ‘विक्षिप्त’ म्हणून सोडून दिलेल्या या माणसांना योग्य वेळी अन्न, पाणी, औषध मिळाले तर ती बरी होत होती. उशीर झाला की मरत होती.

म्हणूनच शेजारीपाजारी ‘त्यांचा स्वभावच तसा’ म्हणतात तेव्हा डॉक्टरने सावध व्हावे. स्वभाव साठाव्या वर्षी एकाएकी बदलत नाही. नीटनेटके राहणारी बाई अंघोळ टाळू लागली, हिशेबी माणूस वर्तमानपत्रांचे गठ्ठे छतापर्यंत रचू लागला, तर त्यामागे नैराश्य असू शकते, मेंदूच्या पुढच्या भागाला लागलेला स्मृतिभ्रंश असू शकतो, थायरॉइड मंदावलेले असू शकते, कानात कुणी बोलत असल्याचा भास असू शकतो. ब-१२ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास आढळते, आणि तीही स्मरणशक्ती व मनःस्थिती बिघडवते. ही शेवटची गोष्ट तर रक्ताच्या साध्या तपासणीत कळते आणि इंजेक्शनने सुधारू शकते. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून निघाला. वसई-विरारसारख्या शहरात, जिथे २०११च्या जनगणनेतच वस्ती बारा लाखांवर होती, यातले किती जण दाराआड असतील याचा विचार करावा.

आता दोघींकडे. एकटा माणूस कोंडून घेतो तेव्हा निदान त्याच्या गैरहजेरीची नोंद कधीतरी होते. दोघे असले की ती होत नाही. बेल वाजली की एक जण दाराच्या फटीतून सांगतो, ‘आईला बरं नाहीये, झोपलीय.’ विचारणाऱ्याचे समाधान होते. नातेवाईकांचे तर आधीच झालेले असते: ‘लेक आहे ना जवळ, किती करते आईचं!’ या कौतुकाबरोबर चौकशी संपते. ती लेक पन्नाशीची आहे, आईसाठी नोकरी सोडलेली आहे, सहा महिने कुणाशी बोललेली नाही, हे कौतुकात मावत नाही.

मानसशास्त्राला हे जुनेच माहीत आहे. लासेग आणि फाल्रे या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७मध्ये दोन जिवलगांत एकच भ्रम वाटून घेतला जाण्याचे वर्णन केले. दोघांतला एक प्रबळ असतो, भ्रम मूळ त्याचा. दुसरा अवलंबून असतो आणि बाहेरचा वारा लागत नसल्याने तो भ्रम खरा मानू लागतो. शेजारी विष घालणार आहेत, सोसायटी घर बळकावणार आहे, बाहेर गेले की साथ लागेल. दोघांना काही काळ वेगळे ठेवले की दुसऱ्याची समजूत अनेकदा आपोआप निवळते, पहिल्याला मात्र औषधे लागतात.

दिल्लीच्या मालचा महालाची कहाणी इथे आठवते. आपण अवधच्या नवाबांचे वारस आहोत, असे सांगत विलायत नावाच्या बाईने मुलगा-मुलीला घेऊन नवी दिल्ली रेल्वे स्थानकात अनेक वर्षे मुक्काम ठोकला. १९८५मध्ये सरकारने त्यांना जंगलातला एक पडका महाल दिला. आई १९९३मध्ये गेली, तरी मुले त्याच कहाणीत राहत राहिली. मुलगा २०१७मध्ये तिथेच मृतावस्थेत सापडला. दोन वर्षांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शोध घेतला तेव्हा राजघराण्याचा दावा खोटा निघाला. आईने रचलेली किंवा आईला खरी वाटलेली गोष्ट मुलांचे अख्खे आयुष्य झाली. त्यांना भेटायला देशोदेशीचे पत्रकार येत, डॉक्टर मात्र कुणी नेला नसावा.

वसई-विरारची घडण या गोष्टीला साथ देते, हे मान्य करायला हवे. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून इथे आलेल्या असंख्य कुटुंबांना पहिल्यांदाच स्वतःचे दार मिळाले. चाळीत कुणाचा खोकला वाढला तरी गॅलरीला कळे. अर्थात तिथला चोंबडेपणाही काही कमी नव्हता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. इथे पहाटेपासून लोकल गाठायला निघालेली इमारत सात-साडेसातपर्यंत रिकामी होते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि त्यांना सांभाळणारी. त्यात आता तांदूळ संपला तरी वाण्याकडे जावे लागत नाही. पिशवी दाराशी येते, पैसे मोबाइलवरून जातात. नवी मुंबईत जुईनगरला २०२५मध्ये एका सुशिक्षित मध्यमवयीन गृहस्थांना सुमारे तीन वर्षांच्या कोंडीतून एका स्वयंसेवी संस्थेने बाहेर काढले. त्या काळात ते ऑनलाइन मागवलेल्या अन्नावर जगत होते. पूर्वी भूक माणसाला उंबऱ्याबाहेर काढायची. निवृत्तिवेतनाचेही तसेच. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जावेच लागे आणि वर्षातून एकदा तरी कारकून चेहरा पाहायचा. आता तो दाखला घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. अंथरुणाला खिळलेल्यांची त्यामुळे मोठी सोय झाली यात शंका नाही. पण माणूस माणसाच्या नजरेला पडण्याची एक जागा कमी झाली.

मग ओळखायचे कसे? नेहमी पैसे भरणाऱ्याचा मेंटेनन्स एकाएकी थकू लागतो. कचऱ्याची बादली बाहेर येणे थांबते. खिडक्या भर उन्हाळ्यात बंद राहतात. कामवाली काढून टाकली जाते आणि नवी येत नाही. सोसायट्यांना थकबाकीदारांची यादी खाली फलकावर लावायची भारी हौस असते. ही यादी मुळात आजारी माणसांपर्यंत पोचण्याचा उत्तम मार्ग आहे, पण ती लावून नेमके उलटे होते. लाजेने उरलेसुरले दारही लागते. नोटीस चिकटवण्याआधी समितीतल्या एखाद्या पोक्त बाईने किंवा गृहस्थाने वर जाऊन यावे.

जायचे तर घोळक्याने नाही आणि मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून तर नाहीच. दर वेळी एकाच माणसाने जावे, ठरलेल्या वेळी, थोडा वेळ. घाणीचा विषय काढू नये. ‘मदत करू का’ या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘नको’ हेच उत्तर येते, त्यापेक्षा ‘तुमच्याकडे पाणी नीट येतंय का’ असे विचारले तर बोलणे सुरू होते. चौथ्या-पाचव्या भेटीला पायाची सूज, न भरणारी जखम, कमी दिसणे यांबद्दल विचारता येते. मनाच्या डॉक्टरचे नाव काढले की दार लागेल, पण रक्तदाब मोजून घ्यायला, पायाची जखम बांधून घ्यायला माणूस तयार होतो. म्हणून पहिली तपासणी पालिकेच्या दवाखान्यात किंवा नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे झाली तरी चालेल. तिथूनच पुढचा रस्ता निघतो. आणि घर साफ करायची घाई करू नये. एका दिवसात ट्रक भरून सामान काढून नेले की शेजाऱ्यांना हायसे वाटते, त्या माणसाला मात्र दरोडा पडल्यासारखे होते. ‘ग्रे गार्डन्स’मध्ये जॅकलिन केनेडींच्या पैशानेही जे साधले नाही, ते सोसायटीच्या श्रमदानाने साधणार नाही.

एक सूचना जिवावर बेतणारी आहे, म्हणून स्पष्ट सांगायला हवी. दार उघडल्यावर आत अनेक दिवस, आठवडे उपाशी असलेला माणूस सापडला तर मायेपोटी ताट वाढून त्याला पोटभर जेवू घालू नये. उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न गेले की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरते, हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धातल्या सुटका झालेल्या कैद्यांत हे दिसून आले होते. घोट घोट पाणी द्यावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. पुढचे खाणे रुग्णालयात, मोजूनमापून.

कायद्याची बाजूही लोकांना नीट ठाऊक नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ३ प्रमाणे कुणाची राहणी रूढ सामाजिक किंवा नैतिक कल्पनांत बसत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. एखाद्याला माणसे नको असतील, घर पसरलेले आवडत असेल, तर तो त्याचा हक्क आहे, आणि शेजाऱ्यांनी तो मानावा. पण मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची आबाळ किंवा छळ होत असल्याची शंका असेल तर कलम १०१ नुसार कुणीही पोलीस ठाण्यात कळवू शकते, आणि ठाण्याच्या प्रमुखाने ते दंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते. दंडाधिकारी तपासणीसाठी जास्तीत जास्त दहा दिवस सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. वसई-विरारकरांसाठी जवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्याला आहे, राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. त्याआधीची पायरी म्हणजे फोन. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते, आणि शेजाऱ्यांनीही सल्ल्यासाठी तो लावायला हरकत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७. कुणी मरणाची भाषा करत असेल, किंवा दोन दिवस दार वाजवून उत्तर नसेल, तर वाट न पाहता ११२.

राहता राहिली दुसरी. आईला स्ट्रेचरवरून आत नेतात, तिच्यावर उपचार सुरू होतात आणि मुलगी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहते. मळकी साडी, सुकलेले ओठ, सुटलेला तोल. नातेवाईक म्हणून सह्या तिच्याच घेतात, तिची नाडी मात्र कुणी पाहत नाही. कुपोषण दोघींचे एकाच स्वयंपाकघरातले असते. भ्रम असला तर तो दोघींचा असण्याची शक्यता असते. आणि आई रुग्णालयात असताना किंवा गेल्यानंतर मुलगी त्या घरात पहिल्यांदाच एकटी पडते. जिवाला सर्वाधिक धोका याच दिवसांत असतो. विरारच्या त्या घरातही आधी वडील गेले होते, मग मुलगी.

हे टळू शकते. एडी बीलची आई १९७७च्या फेब्रुवारीत वारली. पंचवीस वर्षे कोंडलेली ही बाई पुढच्या वर्षी साठीत न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये गायला उभी राहिली. समीक्षकांनी टीका केली, तिने पर्वा केली नाही. १९७९मध्ये तिने घर विकले, पुढे फ्लोरिडात एकटी राहिली आणि २००२ साली ८४व्या वर्षी गेली. आईच्या मागे ती पंचवीस वर्षे जगली.

त्यामुळे आईला दाखल करून घेतानाच बाकावरच्या मुलीचाही केसपेपर निघायला हवा: वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, ब-१२, साखर, आणि झोप व जगण्याच्या इच्छेबद्दल दोन सरळ प्रश्न. सरकारी रुग्णालयांतल्या समाजसेवा अधीक्षकांनी त्याच दिवशी तिच्याकडून एका तरी नातेवाईकाचा किंवा शेजाऱ्याचा फोन नंबर घ्यावा, तो लावून पाहावा आणि रात्री ती घरी एकटी जाणार आहे का, हे विचारावे.